खताच्या खड्ड्यातले इंजिन

घरगाडीचे इंजिन चार वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका शुक्रवारी, दुपारी साडेतीन वाजता बाहेर निघाले. काम मंगळवारी सुरू झाले होते. मिस्त्रीचा अंदाज एका दुपारचा होता. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की इंजिन परत गाडीत बसवायचे, हे मंगळवारीच अंगणात चार माणसांसमोर ठरले होते. ते अजून बसलेले नाही.

यंदाचा आषाढ तसाच आला आहे. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वीतभर वाढली आणि पाऊस थांबला. आभाळ रोज दुपारी भरते, चार वाजेपर्यंत काळे राहते आणि काही न करता विरते. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलावर आधी दुधावरच्या सायीसारखा थर धरतो, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतून कुजक्या गवताचा, गरम मातीचा वास येतो. पऱ्ह्यांचा हिरवा रंग टोकाकडून पिवळा होत खाली उतरतो. रोज सकाळी माणसे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून तो पिवळा किती खाली आला ते पाहतात आणि घरी परत येतात. आमगावकडच्या आमच्या गावात या दिवसांत दुसरे काही बोलले जात नाही. आमच्या अंगणात मात्र दर आषाढात आणखी एक विषय असतो. तो कोणी बोलत नाही. तो करंजीच्या झाडाखाली उभा आहे.

बाबा सरकारी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर चालक होते. गाडी मोडीत निघाली तेव्हा तिचा लिलाव झाला आणि ती बाबांनीच घेतली. जिच्यावर पंधरा वर्षे चाक फिरवले ती दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राहिलेली त्यांना पाहायची नव्हती. आत रुग्णाला तपासायचा बाक होता, तिथे त्यांनी सागवानी पलंग केला. औषधांच्या कपाटाचे भांड्यांचे कपाट झाले. मागच्या बाजूला पाण्याची टाकी, तिच्याखाली शेगडी, खिडकीला माईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पांढऱ्या रंगाखालून लाल क्रॉस पुढची तीन वर्षे दिसत राहिला. गाव तिला घरगाडी म्हणू लागले.

तिच्यातून ती दोघे दर हिवाळ्यात मंडईला जात. दिवाळी झाली, धान कापून झाले की या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. बाबा सहा-सात गावे करत आणि शेवटी चिचगडकडे माईच्या माहेरी जात. एकदा बोदलकशाच्या तलावाकाठी ती दोघे तीन दिवस राहिली होती, कारण बाबांना तिथली मासळी आवडली आणि माईला तिथे कोणी ओळखत नव्हते. गाडीचे इंजिन पुढे, चालकाच्या आणि शेजारच्या सीटच्या मधोमध, एका लोखंडी झाकणाखाली होते. थंडीत ते झाकण घरातला सगळ्यात उबदार कोपरा होई. माय त्यावर पाय ठेवून बसे. ओले टॉवेल तिथे सुकत. एकदा गुळाची ढेप तिथे राहिली आणि चिचगडपर्यंत तिचा पाक झाला. डिझेलमध्ये मिसळलेला जळक्या गुळाचा वास त्या झाकणाला पुढेही येत असे. निदान माय तसे सांगते.

बाबांचा गुडघा गेला तशा मंडया संपल्या. गाडी करंजीखाली लागली ती लागलीच. पण दर रविवारी सकाळी आठ वाजता बाबा तिच्यात बसत, इंजिन दहा मिनिटे चालवत आणि बंद करत. सगळ्या गावाला हा आवाज माहीत होता. लोक त्यावरून रविवार ओळखत. म्हणूनच, चार वर्षांपूर्वीच्या त्या आषाढात विहिरीवरची विजेची मोटर कमी दाबाने जळाली, भाड्याची डिझेल इंजिने आधीच लोकांनी नेली आणि पऱ्ह्यांजवळच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, गुडघाभर पाणी असूनही ते उपसायला काही उरले नाही, तेव्हा गावात ज्याला-त्याला एकच गोष्ट सुचली. घरी ती बोलायची हिंमत मात्र माईनेच केली.

"गाडीचं इंजिन हाय ना बसून," ती म्हणाली. "चालते तं चालते. दर इतवारी कोनाले ऐकवून राहिले तुमी ते?"

बाबांनी करंजीकडे पाहिले. मग म्हणाले, "काढलं का परत बसत नाई ते."

"काऊन नाई बसत? काढनारा बसवत नाई का?"

"लोकं काढाले येतात. बसवाले कोनी येत नाई."

शेजारचे देवाजी काका तिथेच बसले होते. ते जिथे वाद असेल तिथे बसतात. त्यांनी मध्यस्थी केली: रोवणा झाल्याबरोबर इंजिन परत, आणि याची हमी त्यांची. माईने मान डोलावली. आमगावचा फिरोज मिस्त्री होकार ऐकायलाच आल्यासारखा फटफटीवर बसून होता. तो म्हणाला, "चाचाजी, आप फिकर मत करो. एक दोपहर का काम है. निकालना भी, बिठाना भी." मी त्या आठवड्यात नागपूरहून रजेवर आले होते. वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केल्यामुळे मला यादी करता येते, म्हणून निघणारा प्रत्येक बोल्ट लिहून ठेवायचे काम माझ्याकडे आले.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत यादीत तेवीस बोल्ट होते आणि इंजिन जागच्या जागी होते. झाकण निघाले, रेडिएटर निघाला, नळ्या सुटल्या. मग फिरोजने चेनपुलीचा आकडा इंजिनाला लावून ते वीतभर उचलले, मागे वळून पाहिले आणि तसेच खाली ठेवले.

"चाचाजी, ये निकलेगा किधर से?"

दवाखान्याच्या दिवसांत बाजूला दोन झडपांचे रुंद दार होते. बाबांनी घर करताना त्यातली एक झडप कायमची बंद करून तिच्यावर भांड्यांचे कपाट बसवले होते. मागे पलंगाची लोखंडी चौकट जमिनीला वेल्डिंग केलेली होती. पुढच्या काचेतून इंजिन जाईना, उरलेल्या दारातून गिअरबॉक्स जाईना. फिरोज कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आपने तो इंजन के ऊपर घर बांध दिया."

बाबांना हे माहीत होते. त्यांनी ते आधी सांगितले नव्हते. का नाही सांगितले, असे माईने विचारल्यावर ते म्हणाले, "कोनी विचारलं नाई."

बुधवार पूर्ण भांडणात गेला. फिरोजचे म्हणणे, कपाट कापू, तासाभराचे काम. बाबांचे म्हणणे, कपाटाला करवत लागली तर इंजिनही राहू द्या. देवाजी काकांनी सुचवले की गाडीच दोरखंडांनी वर उचलावी, इंजिन जमिनीवर राहील. कोणत्या झाडाला बांधून, हे त्यांना सांगता आले नाही. गावातून पाहायला आलेल्या प्रत्येकाने एक उपाय सांगितला आणि प्रत्येकाने आपला उपाय सांगण्यापूर्वी आधीच्या माणसाला वेड्यात काढले. माईने दुपारी पऱ्हे पाहून येऊन चार शब्दांत वार्ता दिली: "अर्धे पिवळे झाले, बाप्पा." त्यानंतर तिने कोणालाही चहा दिला नाही.

खड्ड्याची कल्पना संध्याकाळी बाबांनीच काढली. आमच्या गोठ्यामागे शेणखताचा खड्डा आहे. वर्षभर त्यात शेण, राख, गोठ्याची झाडलोट पडते आणि वैशाखात सगळे खत उपसून शेतात जाते. म्हणून आषाढात तो जवळजवळ रिकामा असतो. बाबांनी टेप लावून मोजले: रुंदी चार फूट, खोली साडेचार. गाडीच्या दोन्ही बाजूंची चाके खड्ड्याच्या दोन काठांवर बरोबर बसत होती. काठांवर सागवानी बल्ल्या लांबीने टाकायच्या, गाडी ढकलत वर न्यायची, इंजिन खालून खड्ड्यात सोडायचे, गाडी मागे घ्यायची आणि मग इंजिन वर काढायचे. फिरोजने दोनदा खड्ड्यात उतरून पाहिले. त्याला हे पटले, पण आपल्याला सुचले नाही म्हणून पटल्याचे त्याने कबूल केले नाही.

गुरुवारी गाडी ढकलायला अकरा माणसे आली. नऊ जण ढकलत होते, दोघे कसे ढकलावे ते सांगत होते. "डाव्या हाताले घे गा! डाव्या! तुह्या डाव्या नाई, गाडीच्या डाव्या!" गाडी एकदा काठावरून घसरता घसरता राहिली तेव्हा बाबांनी डोळे मिटले होते. दुपारी चारला ती खड्ड्यावर उभी राहिली. पुढच्या दोन्ही दारांच्या खिडक्यांतून एक जाड पाइप आरपार घातला, त्याची टोके बाहेर ड्रमवर टेकवली, पाइपाला चेनपुली टांगली. शेवटचे बोल्ट सुटले. यादी एकेचाळीसवर थांबली. इंजिन गिअरबॉक्ससह, साखळीच्या एकेका कडीने, कडकड करत खाली गेले आणि खड्ड्याच्या तळाला, दोन टायरांवर बसले. पाहणाऱ्यांपैकी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीच्या आतून पाहिले तर दोन सीटांच्या मध्ये चौकोनी भोक होते आणि त्यातून खड्डा दिसत होता.

उजेड जात होता. फिरोजने इंजिनाच्या उघड्या तोंडांपैकी दोनांत चिंध्या कोंबल्या, वर रिकामी पोती टाकली आणि सकाळी येतो म्हणून गेला.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला माईने नेहमीप्रमाणे गोठा धुतला. शेण, मूत आणि धुण्याचे पाणी असा सगळा काला टोपलीत भरला, गोठ्यामागे गेली, गाडीला वळसा घातला, खड्ड्याच्या मोकळ्या टोकाशी उभी राहिली आणि टोपली उलटी केली. मग परत जाऊन दुसरी आणली. दुसरीही उलटी केली. तिसरीच्या वेळी तिला गाडी दिसली. म्हणजे ती आधीही दिसतच होती, पण ती तिथे का उभी आहे हे तेव्हा तिच्या ध्यानात आले.

तिची हाक ऐकून आम्ही गेलो तेव्हा ती टोपली धरून उभी होती. पोती बाजूला सरकली होती. ज्या तोंडांत चिंध्या नव्हत्या ती भरली होती.

"मले का मालूम?" ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "मालूम होतं. पन तीस सालाचा हात हाय. खड्डा पाह्यला का टोपली पलटते. डोक्याले विचारत नाई."

इंजिन हवे म्हणून चार दिवस सगळ्यांच्या मागे लागलेली तीच होती. बुधवारी बारा तास वाया गेले म्हणून चहा बंद करणारी तीच होती. हे सगळ्यांना आठवत होते, आणि देवाजी काकांनी ते बोलूनही दाखवले. फिरोज नऊ वाजता आला, खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चाचीजी, इंजन को खाद डाल दी आपने. अब फसल अच्छी आएगी." माईला हसू आले नाही. बाबा घरात गेले आणि आपला दात घासायचा ब्रश घेऊन आले. ते दुखऱ्या गुडघ्याने शिडीवरून खड्ड्यात उतरले. बाटलीत डिझेल, हातात ब्रश. एकेक भोक, एकेक नळी, एकेक खाच. माय वर बसून चिंध्या देत होती. सहा तास त्या दोघांत झालेले बोलणे एवढेच होते:

"हे तोंड झालं?"

"नाई झालं."

"आता?"

"दम धर."

साडेतीनला गाडी मागे ढकलली गेली आणि तीन बल्ल्यांच्या घोड्याला टांगून इंजिन जमिनीवर आले. शनिवारी ते बैलगाडीतून बोडीवर गेले. रेडिएटर, बॅटरी, डिझेलचा डबा असा त्याचा सगळा संसार धुऱ्यावर मांडला. पट्टा पंपाला जोडला. पहिल्या दोन खेपेला ते नुसते खोकले. तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा मागच्या पाइपातून आधी काळा धूर आणि मग जळक्या गोवऱ्यांचा वास आला. पाइपातून पाणी पडले. बोडीत जेवढे होते तेवढे अडीच तासांत संपले. पऱ्ह्यांतला अर्धा पिवळा तिथेच थांबला. आठ दिवसांनी पाऊस आला, श्रावण लागता लागता रोवणा झाला.

त्यानंतर इंजिन परत बसवायचे होते.

ते का बसले नाही याचे कारण कोणा एका माणसात नाही. कारण पंचांगात आहे. खड्डा रिकामा असतो वैशाख ते आषाढ. त्याच दिवसांत पऱ्ह्यांना पाणी लागते, म्हणून इंजिन धुऱ्यावर लागते. रोवणा होऊन इंजिन मोकळे होईपर्यंत श्रावण लागतो. खड्ड्यात पाणी भरते, काठ ढासळतात, गाडी वर नेता येत नाही. दिवाळीनंतर जमीन कोरडी होते, इंजिन रिकामे असते, मंडईचे दिवस असतात, पण तोवर खड्डा अर्धा भरलेला असतो. मग उन्हाळी धान लागते आणि इंजिन पुन्हा कामाला. खड्डा मोकळा तेव्हा इंजिन गुंतलेले, इंजिन मोकळे तेव्हा खड्डा भरलेला. देवाजी काकांना त्यांच्या हमीची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "हमी मी रोवण्याची देल्ली होती बाई. खड्ड्याची नाई." दुसरा खड्डा खणू, असे मी एकदा फोनवर सुचवले होते. तो खणायला सुरुवातही झाली. दोन फुटांवर मुरूम लागला. तिथे आता माईची दोडक्याची वेल आहे.

बाबांनी या चार वर्षांत एकदाही विचारलेले नाही. हीच सगळ्यात त्रासाची गोष्ट आहे. ते चिडले असते तर उत्तर देता आले असते. इंजिन गेल्यावर पुढचे वजन कमी झाले आणि गाडीचा पुढचा भाग चार बोटे वर आला. ते त्यांना दुसऱ्याच दिवशी दिसले. स्प्रिंगचे पाटे तसेच राहून कायमचे वाकडे होतील म्हणून त्यांनी चौकोनी भोकावर फळी टाकली, फळीवर वाळूची दोन चुंगडी, म्हणजे पोती, ठेवली आणि गाडी पुन्हा सरळ केली. दर रविवारी ते आठ वाजता शेतात जातात, धुऱ्यावरच्या टिनाच्या छपराखाली इंजिन दहा मिनिटे चालवतात आणि घरी येतात. गावात आवाज आता लांबून येतो. लोकांना तरीही रविवार कळतो.

गेल्या फाल्गुनात शेतात सौरपंप बसला. विजेचा दाब, भाड्याचे इंजिन, काहीच लागेना. या आषाढात ऊन आहे तोवर पऱ्ह्यांपुरते पाणी आहे. चार वर्षांत प्रथमच पऱ्ह्यांच्या दिवसांत इंजिन रिकामे आहे. आणि चार वर्षांत प्रथमच या दिवसांत खड्डा भरलेला आहे, कारण वैशाखात खत न्यायला सांगितलेला ट्रॅक्टर आला नाही. तो आज येतो, उद्या येतो करत मृग लागला. हे कळले तेव्हा मी दोन दिवसांच्या रजेवर घरी होते, आणि ओसरीत बसून ट्रॅक्टरवाल्याला फोनवर जे बोलले ते छापता येणार नाही. बाबा शेजारीच सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"जाऊ दे वो बाई," ते म्हणाले. "उभी हाय तं उभी राहू दे. खाऊन का राहिली ते?"

माय चुलीपाशी होती. तिने हे ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागून फावड्याचा आवाज आला. पाऊस नव्हता, रोवणा अडला होता, रोवण्याच्या बाया घरीच होत्या. त्यांतल्या तिघींना माईने बोलावून आणले होते. देवाजी काका काठावर बसले होते.

"आखाडात कोनी खत काढते का?" त्यांनी विचारले.

"मी काढून राहिली," माय खड्ड्यातून म्हणाली. "उचलता का टोपली? नाई तं बाजूले सरका, आंगावर पडन."

ते बाजूला सरकले. खताचा ढीग दोडक्याच्या वेलीपलीकडे, भिंतीला लागून, सुरुवातीला गुडघ्याएवढा आणि मग छातीएवढा झाला. कोरड्या आभाळाखाली ते ओले खत दिवसभर वाफाळत होते. बाबा दुपारी एकदा गोठ्यामागे गेले, काठावर उभे राहिले आणि परत आले. संध्याकाळी त्यांनी टेप शोधली.

मी माझी रजा आणखी दोन दिवस वाढवली. बोल्टांचा डबा पलंगाखालून काढून यादीशी ताडून पाहिला. यादीत एकेचाळीस आहेत, डब्यात चाळीस. कमी असलेला अठ्ठावीस क्रमांकाचा आहे. फिरोज म्हणतो तो बाजारात मिळेल. त्याला सोमवारी बोलावले आहे. एका दुपारचे काम आहे, असे तो म्हणाला. सोमवारी तो येईल की नाही, हे हा मजकूर लिहीपर्यंत कळलेले नाही. पाऊस आलेला नाही. काल सकाळी माईने गोठ्याचे शेण खड्ड्यात न टाकता भिंतीजवळच्या ढिगावर नेऊन टाकले. आजही तसेच केले. बाबांनी टेप लावली तेव्हा खड्ड्याची खोली पुन्हा साडेचार फूट भरली. आज सकाळी सात वाजता बाबांनी गाडीतली वाळूची दोन्ही चुंगडी खाली उतरवली. गाडीचा पुढचा भाग चार बोटे वर आला आहे.